सुरीचा फोटो नक्की कशाचा असतो?

पुढे वाचण्याआधी एक छोटा प्रयोग करा. स्वयंपाकघरातली स्टीलची सुरी घ्या, कोरड्या फडक्याने पुसा, खिडकीजवळच्या टेबलावर आडवी ठेवा आणि मोबाइलने बरोबर वरून फोटो काढा. आता फोटो मोठा करून बघा. पात्यावर छत दिसेल, कदाचित पंखा दिसेल, आणि मोबाइल धरलेला तुमचा हात तर नक्कीच. सुरी थोडी कलती करा. आता पातं पांढरंफटक होईल, कारण त्यात खिडकी उतरली. उलट बाजूला कलती करा, पातं काळं पडेल. सुरी तीच, कॅमेरा तोच. पण एक फोटो बघून कुणी म्हणेल कोरी करकरीत आहे, दुसरा बघून म्हणेल चरे पडलेत, जुनी दिसते.

बटाट्याचा फोटो काढताना असं होत नाही. बटाट्याची साल, लाकूड, कापड हे पदार्थ अंगावर पडलेला प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतात, त्यामुळे कुठूनही बघा, बटाटा बटाट्यासारखाच दिसतो. घासूनपुसून चकचकीत केलेला धातू मात्र प्रकाश एकाच दिशेला परत पाठवतो. म्हणजे पात्याचा फोटो हा बऱ्याच अंशी समोरच्या खोलीचा फोटो असतो. पात्याबद्दल त्यातून काय कळतं हे दिवा कुठे होता आणि कॅमेरा कुठे होता यावर ठरतं.

माझं पीएच.डी.चं काम पोलादाच्या पृष्ठभागांवर आहे. दिवसातला बराच वेळ पॉलिश केलेल्या तुकड्यांचे मायक्रोस्कोपखाली फोटो काढण्यात जातो. त्यामुळे घरच्यांत माझी 'हिला चकचकीत वस्तूंचे फोटो जमतात' अशी ख्याती झाली आहे. गेल्या दिवाळीत मामांनी त्यांच्याकडच्या सुऱ्या, चाकू आणि अडकित्ते यांचे फोटो काढायचं काम माझ्यावर सोपवलं. साठेक नग आहेत. इमारत पुनर्विकासाला चालली आहे, भाड्याच्या घरात ते कपाट मावणार नाही, आणि वस्तू भावंडांत वाटल्या जातील. थोडक्यात, एक संग्रह म्हणून तो यापुढे फक्त फोटोंतच राहणार.

ते करता करता लक्षात आलं की ही घरगुती अडचण माझ्या विषयाच्या इतिहासाच्या मुळाशीच आहे. तुम्ही नेट-पेटची तयारी करत असाल, एम.एस्सी.चा प्रोजेक्ट चालू असेल, विषय काहीही असो, फोटो पुरावा कधी ठरतो हा प्रश्न कधीतरी तुमच्या टेबलावर येणारच. म्हणून हा इतिहास.

फळीवरची भांडी आणि चोर

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज गृहस्थाने १८४४ ते १८४६ या काळात 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक सहा भागांत काढलं. विक्रीसाठी प्रकाशित झालेलं, खरी छायाचित्रं चिकटवलेलं हे पहिलं पुस्तक मानलं जातं. एकूण २४ चित्रं. त्यातलं तिसरं चिनी मातीच्या भांड्यांचं आणि चौथं काचेच्या वस्तूंचं. फळ्यांवर ओळीने मांडलेल्या कपबश्या, पुतळ्या, पेले. विल्टशरमधलं लेकॉक ॲबी हे टॅल्बटचं राहतं घर, आणि वस्तू घरच्याच. त्या काळच्या कागदाला भरपूर ऊन लागायचं, म्हणून या फळ्या बाहेर उघड्यावर मांडल्या असाव्यात असं अभ्यासक मानतात. घरातल्या संग्रहाचा फोटो काढण्याची ही जवळजवळ पहिलीच गोष्ट म्हणायला हरकत नाही.

फोटोशेजारी टॅल्बटने दिलेला मजकूर मला फोटोपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. त्याचा मुद्दा असा. संग्रहाची यादी हाताने लिहायची तर वेळ लागतो, आणि वस्तू जितक्या चमत्कारिक आकाराच्या तितका जास्त लागतो. कॅमेऱ्याला मात्र वस्तू किती आहेत आणि किती गुंतागुंतीच्या आहेत याने काही फरक पडत नाही, सगळं एकदम टिपलं जातं. पुढे तो आणखी एक पाऊल टाकतो. उद्या चोराने ही भांडी पळवली आणि त्याच्याविरुद्ध कोर्टात हा मुका फोटो साक्षीला आणला, तर तो एका नव्याच प्रकारचा पुरावा होईल. न्यायाधीश आणि ज्यूरी त्याला काय म्हणतील, हा विचार तो कायद्याच्या जाणकारांवर सोडून देतो.

कॅमेरा सगळं सारखंच टिपतो हे वाक्य मनात ठेवून आता पुढच्याच चित्राचा मजकूर बघा. तिथे तोच टॅल्बट सांगतो की पांढरी चिनी माती आणि काच एकाच फोटोत घेऊ नयेत. पांढरं भांडं इतकं उजळ असतं की काचेचं चित्र उमटायला नीट सुरुवात होते न होते तोवर भांड्याचं पूर्ण होऊन गेलेलं असतं. रंगीत भांडी चालतील, पण निळी नकोत, कारण निळा रंग त्या कागदावर जवळजवळ पांढऱ्याइतकाच भराभर उमटतो. म्हणजे यादी करताना कॅमेरा निःपक्षपाती, आणि पान उलटलं की त्याचे लाडके रंग. त्या कागदाला निळा प्रकाश भावायचा, हिरवा-लाल फारसा नाही, हे टॅल्बटला चांगलं माहीत होतं आणि त्याने ते लिहून ठेवलं. शोधाचं कौतुक आणि शोधाची मर्यादा एकाच माणसाने लागोपाठच्या पानांवर नोंदवणं, हे आजच्या रिसर्च पेपरमध्येही तसं दुर्मिळच.

टॅल्बटची ही अडचण मामांच्या कपाटात जशीच्या तशी भेटते. हाडाच्या पांढऱ्या मुठीचा चाकू घ्या. मुठीवरची बारीक चिरफळी दिसेल असा फोटो काढला की पातं अंधारात जातं, आणि पात्यासाठी एक्सपोजर वाढवलं की मूठ पांढरी फेक होते. सेन्सर बदलला, पण एकाच चित्रात दोन स्वभावाच्या वस्तू बसवण्याची भानगड १८४४ चीच आहे.

कॅमेऱ्याशिवाय चित्र

टॅल्बटच्या आधी थोडं मागे जाऊ. व्हिएन्नातल्या आलोइस फॉन विडमानश्टेटन याने १८०८ च्या सुमारास लोखंडी उल्कांचे तुकडे कापून, पॉलिश करून पाहिले. तापवल्यावर किंवा आम्ल लावल्यावर पृष्ठभागावर एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची जाळी उमटते. आज तिला त्याचंच नाव आहे. ही जाळी कागदावर उतरवायची कशी? चित्रकाराला बसवलं तर तो आपल्या सवयीने रेषा सरळ करणार. विडमानश्टेटनने आम्लाने खाल्लेल्या तुकड्यालाच शाई लावली आणि त्याचाच ठसा कागदावर घेतला. उंच राहिलेल्या भागांची शाई उतरली, खोल गेलेले भाग कोरे राहिले. १८२० मध्ये श्रायबर्स यांच्या उल्कांवरच्या ग्रंथात असा ठसा छापला गेला.

इथे दिवा नाही, भिंग नाही, चित्रकाराचा हात नाही. वस्तूने स्वतःचं चित्र स्वतःच छापलं. तरीही ठसा आरशातल्यासारखा उलटा येतो, आणि त्यात काय दिसणार हे आम्ल किती वेळ लावलं यावर ठरतं. प्रकाशाचा घोळ टळला, तयारीचा राहिलाच.

आता मुख्य माणसाकडे येऊ. शेफिल्ड हे इंग्लंडमधलं सुऱ्या-कात्र्यांचं गाव. तिथल्या हत्यारं बनवणाऱ्या घराण्यात १८२६ मध्ये हेन्री क्लिफ्टन सॉर्बी जन्मला. तो विशीत असतानाच वडील गेले, पोटापाण्याची सोय मागे ठेवून. त्याने कारखाना चालवायचं सोडून घरातच प्रयोगशाळा थाटली आणि आईबरोबर राहून संशोधन केलं. गाईड नाही, फेलोशिप नाही, प्रोग्रेस रिपोर्ट नाही (हेवा वाटला तर वाटू द्या). आधी त्याने दगड काचेवर चिकटवून इतके पातळ घासले की त्यातून प्रकाश आरपार जावा, आणि ते मायक्रोस्कोपखाली बघितले. त्या वेळी डोंगर भिंगातून बघणारा माणूस म्हणून त्याची थट्टा झाली. दगडांवरून तो उल्कांकडे गेला आणि उल्कांवरून गावच्या पोलादाकडे. हे १८६३ चं वर्ष.

पोलादाची अडचण उघड आहे, ते कितीही घासलं तरी पारदर्शक होत नाही. म्हणजे प्रकाश वरूनच टाकायला हवा, आणि वरून टाकला की तुमच्या सुरीवर झालं तेच मायक्रोस्कोपखाली होणार. सॉर्बीने दोन गोष्टी केल्या. पहिली पृष्ठभागाची तयारी. एमरीच्या बारीक-बारीक होत जाणाऱ्या कागदांवर घासणं, मग लोहाच्या लाल भुकटीने पॉलिश, आणि शेवटी अतिशय विरळ नायट्रिक आम्ल. पॉलिश करताना वरचा थर दाबून लिंपला गेला तर जे दिसतं ती धातूची खरी रचना नसते, यावर त्याचा फार कटाक्ष होता. बाहेरून आरशासारखं चकचकीत आणि आत काय आहे ते झाकलेलं, असं पातं त्याच्या उपयोगाचं नव्हतं. बाजारातल्या पॉलिशवाल्याला नेमकं तेच हवं असतं, हा भाग वेगळा.

दुसरी गोष्ट प्रकाशाची, आणि ती आपल्या मुद्द्याची. त्याने एकच तुकडा दोन प्रकारे उजळला. एकदा वक्र परावर्तक लावून बाजूने तिरका प्रकाश टाकला. तेव्हा सपाट राहिलेल्या भागांवरून प्रकाश पलीकडे निघून जातो, भिंगात येत नाही, ते भाग काळे दिसतात, आणि आम्लाने खडबडीत झालेले भाग उजळ दिसतात. दुसऱ्यांदा भिंगासमोर लहानसा सपाट आरसा बसवून प्रकाश जवळजवळ सरळ वरून टाकला. आता चित्र उलटलं, सपाट भाग लख्ख आणि खडबडीत भाग काळपट. धातूत काहीच बदललेलं नाही. एका फोटोतला काळा डाग 'कशाचा' आहे हे दुसरा फोटो शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. आज आपल्या लॅबमधल्या मायक्रोस्कोपवर ब्राइट फील्ड आणि डार्क फील्ड अशी बटणं असतात, आणि आपण एक दाबून मोकळे होतो. त्या बटणांमागचा युक्तिवाद हा आहे.

१८६४ मध्ये बाथ इथे ब्रिटिश असोसिएशनचं अधिवेशन भरलं, तिथे सॉर्बीने लोखंड आणि पोलादाच्या निरनिराळ्या प्रकारांचे सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो मांडले. त्यानंतर काय झालं? फारसं काहीच नाही. सुमारे वीस वर्षं कुणी ते काम मनावर घेतलं नाही, आणि सॉर्बीही इतर विषयांकडे वळला. पुढे म्हातारपणी त्याने या दिवसांबद्दल सांगितलं आहे. एखादा रेल्वे अपघात झाल्यावर 'हा रूळ काढून मायक्रोस्कोपखाली तपासा' असं मी सुचवलं असतं, तर लोकांनी मला वेड्यांच्या इस्पितळात पाठवायच्या लायकीचा ठरवलं असतं, अशा अर्थाचं. १८७८ मध्ये जर्मनीत आडोल्फ मार्टेन्स याने स्वतंत्रपणे अशाच प्रकारचं काम छापलं. दरम्यान स्वस्त पोलादाचं उत्पादन प्रचंड वाढलं होतं आणि तुटलेल्या भागांची कारणं शोधणं कारखान्यांना भाग पडत होतं. १८८५ च्या सुमारास सॉर्बी पुन्हा या विषयाकडे आला, या वेळी सुमारे ६५० पट मोठं दाखवणारं भिंग घेऊन.

आधी कमी वर्धनात त्याला पोलादातला एक घटक मोत्याच्या शिंपल्यासारखा रंग खेळवताना दिसला होता. मोठ्या भिंगाखाली त्याचं कारण कळलं. एकाआड एक अशा अत्यंत पातळ थरांची ती रचना होती, लोखंडाचा एक थर आणि कार्बनयुक्त कठीण संयुगाचा एक. थर इतके जवळजवळ की त्यांच्यावरून परतणारा प्रकाश रंगांत विभागला जातो, सीडीवर दिसतात तसे रंग. सॉर्बीने 'मोत्यासारखा' म्हणून वर्णन केलेला हा घटक म्हणजे आपण पुस्तकात वाचतो तो पर्लाइट. मला ही गोष्ट फार आवडते. विशिष्ट कोनातून आलेल्या प्रकाशात जो चकवा दिसला, त्याला त्याने फोटोतला दोष म्हणून टाकून दिलं नाही. 'हा रंग का दिसतो' असं विचारलं आणि वीस-एक वर्षांनी का होईना, उत्तर मिळवलं.

शेफिल्डमधलाच आणखी एक प्रसंग थोडक्यात. १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी झिजेला तोंड देणारं पोलाद शोधत होता. क्रोमियम सुमारे १२.८ टक्के असलेला एक नमुना मायक्रोस्कोपखाली बघायचा होता, त्यासाठी आम्ल लावायला हवं, आणि आम्ल काही केल्या नीट चढेना. फोटोसाठी वैताग असलेला हा गुण सुरीसाठी वरदान आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्याने व्हिनेगर, लिंबाचा रस लावून पाहिला, तरी डाग नाही. तिथून स्टेनलेस सुऱ्या सुरू झाल्या. म्हणून तुमची सुरी फोटोत एवढा त्रास देते. आजीच्या विळीचं पातं लिंबाने काळवंडलेलं असतं, त्याचा फोटो सहज येतो.

घरच्या टेबलावर

आता मामांच्या डायनिंग टेबलावर काय केलं ते सांगते, कारण वरचा सगळा इतिहास तिथे उपयोगी पडला. सामान साधंच आहे. दोन टेबललॅम्प, बटर पेपर, काळा कार्डशीट, स्टीलची पट्टी, जुना ट्रायपॉड आणि एक वही.

प्रत्येक नगाचे किमान दोन फोटो, सॉर्बीच्या दोन प्रकाशांसारखे. पहिल्यात पात्याला 'दिसेल' तिथे सगळीकडे पांढरा बटर पेपर, त्याच्यामागून दिवा. पात्यात आता खोलीऐवजी एकसारखा पांढरा कागद उतरतो, आणि आकार, धारेची रेघ, कोरलेली अक्षरं स्वच्छ दिसतात. कॅमेऱ्याचा काळा डाग पात्यात येऊ नये म्हणून सुरी किंवा कॅमेरा किंचित कलता ठेवावा लागतो. दुसऱ्यात उलट. पात्यासमोर काळा कार्डशीट आणि एकच दिवा अगदी बाजूने, टेबलाला जवळजवळ टेकून. पातं काळं होतं आणि चरे, गंजाचे खळगे, दगडावर धार लावल्याच्या खुणा उजळून निघतात. एकाच चाकूचे हे दोन फोटो शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या वस्तू वाटतील. पहिल्यावरून दुकानदार किंमत सांगेल. हा चाकू वापरला कसा गेला हे दुसऱ्यावरूनच कळतं. एका पेननाइफची धार टोकाकडे नवी आणि मुठीजवळ जवळजवळ संपलेली आहे, म्हणजे वर्षानुवर्षं फक्त मुठीजवळच्या भागानेच काहीतरी कापलं जायचं. पांढऱ्या फोटोत याचा मागमूसही नाही.

'पोलरायझिंग फिल्टर लाव ना' असा सल्ला हमखास मिळतो. पाण्यावरची किंवा काचेवरची चमक त्याने कमी होते, धातूवरची होत नाही, कारण धातूवरून परतलेला प्रकाश तसा ध्रुवीभूत होत नाही. मात्र एक ध्रुवक दिव्यासमोर आणि दुसरा त्याच्याशी काटकोनात भिंगासमोर लावला तर गंमत होते. धातू प्रकाशाचं ध्रुवीकरण टिकवून परत पाठवतो, त्यामुळे त्याची चमक दुसऱ्या ध्रुवकात अडते आणि पातं काळं होतं. गंज आणि मूठ प्रकाश विखुरताना ध्रुवीकरण मोडतात, म्हणून ते आपापल्या रंगांत दिसत राहतात. गंज कुठे-कुठे आहे याचा नकाशाच मिळतो. वाटणी झाल्यावर कुणाच्या घरी गंज वाढला हेही दहा वर्षांनी सांगता येईल (ते सांगावं का, हा कौटुंबिक प्रश्न आहे).

जीवाश्मांचे फोटो काढणारे लोक चमक मारण्यासाठी नवसागराची वाफ देऊन वस्तूवर पातळ पांढरा थर चढवतात, असं तुम्ही वाचाल. कल्हईवाल्याकडे असतो तोच नवसागर. पोलादावर हे चुकूनही करू नका, त्यातल्या क्लोराइडने आठवड्यात गंज धरेल. उघड्या बोटांचे ठसेही याच कारणासाठी टाळायचे, घामात मीठ असतं. पातळ रबरी हातमोजे घाला.

मापाचं बघा. पट्टी पात्याशेजारी ठेवणं पुरेसं नाही, ती पात्याच्याच पातळीत हवी. कॅमेरा ३० सेंमीवर असेल आणि पट्टी पात्याच्या पृष्ठभागापेक्षा १ सेंमी खाली, तर मापात सुमारे ३ टक्के चूक येते. १५ सेंमीचं पातं फोटोत अर्धा सेंमी लांब भरतं. जाड मुठीमुळे पातं टेबलापासून उचललेलं राहतं, त्यामुळे ही चूक हमखास होते. पट्टीखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून ती वर आणायची, आणि मोबाइल लांब नेऊन झूम करायचा.

सपाट पात्यांसाठी मला ऑफिसात असतो तसला स्कॅनर फार भरवशाचा वाटतो, आणि त्याला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही. त्याचा दिवा, कोन, अंतर सगळं पक्कं बसवलेलं. ६०० डीपीआयला एका मिलिमीटरमध्ये २३ ते २४ ठिपके, मापाची पट्टी वेगळी लागतच नाही. दिवा तिरका असल्याने चकचकीत पातं काळं येतं, म्हणजे ही आपोआप सॉर्बीची तिरकी पद्धत. काचेवर चरे पडू नयेत म्हणून पारदर्शक प्लास्टिकचा कागद घाला. अडकित्त्यांना मात्र उपयोग नाही, ते फार उंच भरतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तुम्ही अडकित्ते बघितले असतील (तो संग्रहही एका माणसाच्या घरातूनच वाढला), एकेकाचा आकार असा की कुठून फोटो काढावा तेच कळू नये. तिथे जुना उपाय बरा, कागदावर ठेवून पेन्सिलने बाह्यरेषा काढायची. इजिप्तच्या उत्खननांत उमेद घालवलेला फ्लिंडर्स पेट्री स्वतः छायाचित्रणात तरबेज होता, तरी १९१७ च्या 'टूल्स अँड वेपन्स'मध्ये त्याने सुऱ्या-कुऱ्हाडींसाठी मुख्यतः रेषांचाच आधार घेतला. आकारांची तुलना करायची तर चमक हवी कशाला?

वहीत प्रत्येक फोटोपुढे नगाचा क्रमांक, दिव्याची जागा, कागद पांढरा की काळा, आणि पातं पुसलं होतं की नाही एवढं लिहिलं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. पुसल्यावर जे गेलं ते परत येत नाही, म्हणून पहिला फोटो नेहमी न पुसता काढायचा.

फोटो जिथे थांबतो

इतकं करूनही काही प्रश्न फोटोने सुटत नाहीत, हेही सांगायला हवं. दमास्कस म्हणून प्रसिद्ध असलेल्या पात्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते, तिला फारसीतून आलेला 'जौहर' हा शब्द आहे. यातलं बरंचसं पोलाद दक्षिण भारतात, आजच्या तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडूच्या भागांत, बंद मुशीत वितळवून तयार व्हायचं. युरोपात त्याला 'वुट्झ' म्हणत. मायकेल फॅरेडेनेही १८१९ च्या सुमारास त्याच्यावर डोकं चालवलं होतं. ही नक्षी नुसती चमक आहे, वरून काढलेली आहे, की आतून येते? कितीही दिवे फिरवले तरी फोटोवरून याचा निकाल लागत नाही. पातं कापावं लागतं, आणि कुठला संग्राहक पातं कापू देईल?

हेन्री मोझर या स्विस प्रवाशाने दिलं. मध्य आशियात फिरून जमवलेली शस्त्रं त्याने शाफहाउझनजवळच्या शार्लोटनफेल्स या आपल्या घरी मांडली होती. १९१२ मध्ये त्यांचं सचित्र कॅटलॉग लाइपझिगहून निघालं आणि १९१४ मध्ये संग्रह बर्नच्या ऐतिहासिक संग्रहालयाला दिला गेला. त्यातल्या काही तलवारी आणि खंजीर चोके नावाच्या संशोधकाला कापून तपासायला मिळाले. त्याचा निबंध १९२४ मध्ये छापून आला, मोझर आदल्याच वर्षी वारला होता.

कापून उरलेले तुकडे बर्नमध्ये जपले गेले. १९९० च्या दशकात अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवेन आणि पाती घडवणारे आल्फ्रेड पेंड्रे यांच्या गटाला त्यातल्या चार तलवारींचे तुकडे मिळाले. नक्षी आतूनच येते, कठीण कार्बाइडच्या कणांच्या ओळींमुळे, आणि त्या ओळी जमायला व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्याचा अगदी लेशमात्र अंश पुरतो, असं त्यांनी १९९८ मध्ये मांडलं. ज्या खनिजात तो अंश होता ते संपलं आणि त्याबरोबर कलाही गेली असावी, हे त्यांचं अनुमान. त्या निबंधातला तक्ता काढून बघा. व्हर्होवेन यांना तलवारींना नवी नावं द्यायची गरज पडली नाही. चोकेने १९२४ मध्ये दिलेले क्रमांकच तिथे आहेत, ७, ८, ९ आणि १०.